गुण कशानं आला

छातीत कळ आलेला पेशंट अँब्युलन्समध्ये घेतला, की मी ब्लडप्रेशर बघते आणि मग गोळ्यांची पट्टी त्याच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर धरते. ही चावून खायची, ही जिभेखाली ठेवायची. थोड्या वेळानं दुखणं कमी होईल, ते या गोळ्यांनी होईल, दुसऱ्या कशानंही नाही. आणि कमी झालं म्हणजे आजार गेला असं समजायचं नाही, परभणीला जायचंच आहे. हे सगळं मी मोठ्यानं आणि सावकाश सांगते, आणि दोनदा सांगते. माझा आताचा ड्रायव्हर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि तोंडानं फटकळ आहे. तो म्हणतो, मॅडमचं कीर्तन आटोपलं की मी गिअर टाकतो. खरं तर गाडी तोवर पुलापर्यंत पोचलेली असते. हे कीर्तन मी का करते, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

मी आयुर्वेदाची डॉक्टर. सरकारी अँब्युलन्सवर नऊ वर्षं काढली, त्यातली पहिली सहा जिंतूरला. गाडीतून मी उतरले की लोक माझ्या खांद्यावरून मागं बघतात, मोठे डॉक्टर अजून उतरायचे असतील म्हणून. मागून ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन येतो तेव्हा त्यांची निराशा होते. पहिली दोन वर्षं मला याचा राग यायचा. नंतरही येतच राहिला, फक्त चेहऱ्यावर दिसेनासा झाला.

डॉक्टरकीच्या आधी मला आणखी एक पदवी मिळालेली होती, जन्मतःच. मी पायाळू. डोक्याऐवजी पायांनी या जगात आले. आमच्या भागात पायाळू माणसाच्या पायाला गुण असतो असं मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे ओझं उचलताना किंवा झोपेत अवघडून पाठ धरली, की पायाळूला बोलवायचं. सकाळच्या वेळी, दुखणाऱ्यानं काही खाल्लेलं नसताना, पायाळूनं डावा पाय तीनदा त्याच्या पाठीला लावायचा. झालं औषध. पायाळूच्या वाट्याला बाकीही बरंच येतं. पायाळूवर वीज पडते म्हणून आभाळ आलं की आई मला घरात कोंडायची. जमिनीतलं पाणी आणि धन कळतं म्हणून शेजारच्या एका शेतकऱ्यानं मला सबंध दुपार त्याच्या रानात अनवाणी फिरवलं होतं. धन निघालं नाही, काटे मात्र भरपूर निघाले.

आमचं गाव चारठाण्याच्या पुढं. वडील मी लहान असतानाच गेले आणि मला वाढवलं ते काकांनी आणि काकूनं. उसण भरलेला माणूस जागचा हलू शकत नसला, तर काका मला खांद्यावर बसवून त्याच्या घरी न्यायचे. निघण्याआधी काकू माझा डावा पाय कोमट पाण्यानं धुऊन, पदरानं पुसून द्यायची. लोकांच्या अंगाला आपल्या अंगणातला चिखल कशाला, म्हणायची. पाय लावून झाला की हातावर गूळ-खोबरं मिळायचं. सात-आठ वर्षांच्या मुलीपुढं गावातली थोराड माणसं पालथी पडून वाट बघायची, हे मला फार आवडायचं. आज लिहितानाही आवडतंय, खोटं कशाला बोलू.

कॉलेजात गेल्यावर कळलं, की आखडलेला स्नायू दोन-तीन दिवसांत आपोआप सैल होतो. आणि आमच्याकडे लोक यायचे ते शेक, तेल, बाम सगळं करून थकल्यावर, तिसऱ्या दिवशी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पहिल्याच वर्षाच्या सुट्टीत मी घरी जाहीर केलं, की यापुढं मी कुणाच्या पाठीला पाय लावणार नाही. काकांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टरकी शिकायलीस म्हणून पाय बदलला का?" तरी त्यांनी माझा शब्द पाळला. पुढं पंधरा वर्षं घरी येणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवत.

जिंतूरच्या सहाव्या वर्षी, दिवाळीनंतर कापूस वेचणी चालू असताना, सकाळी नऊच्या सुमाराला चुलतभावाचा फोन आला. आज तुझी ड्युटी आहे का, एवढंच त्यानं विचारलं. आहे म्हटल्यावर बरं म्हणून फोन ठेवला. दहा मिनिटांत कंट्रोल रूमचा कॉल आला: छातीत दुखतंय, आणि गाव आमचंच. वाटेत मी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची यादी मनात चाळली. त्यात काका नव्हते. ते कधी शिंकलेलेही मला आठवत नव्हते.

गाडी आमच्याच अंगणात शिरली. काका बाजेवर पालथे झोपलेले होते, अंगात सदरा नव्हता, पाठ घामानं ओली. बाजेपाशी काकू उभी होती आणि तिच्या हातात कोमट पाण्याचा तांब्या होता. तो तांब्या बघितला आणि मला सगळं समजलं. त्यांनी अँब्युलन्स बोलावलीच नव्हती. त्यांनी माझा पाय बोलावला होता. कामावर असताना मी घरच्या फोनवर येणार नाही, पण कॉल आला तर यावंच लागेल, असा तो हिशोब होता. काका पहाटे स्प्रिंकलरचे पाइप हलवायला गेले होते, तिथं छातीपासून पाठीपर्यंत कळ भरली, एकदा उलटी झाली. उसण भरली, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. पहाटेपासून चार तास ते माझी ड्युटी सुरू व्हायची वाट बघत होते.

मी त्यांना उठवून टेकून बसवलं, ईसीजी काढला. कागदावर हार्ट अटॅक स्वच्छ दिसत होता, शिकाऊ मुलालाही दिसला असता. हे उसण नाही, हृदयाचं आहे, ताबडतोब गोळ्या घ्या आणि गाडीत चला, असं मी सांगितलं. काकांनी ओठ घट्ट मिटले. आधी पाय लाव, मग तुझ्या गोळ्या, एवढं म्हणून डोळेही मिटले. मी ओरडले. चुलतभावाला बोलले, काकूला बोलले, शिकलेल्या घरात हे काय चाललंय म्हणाले. मी ओरडले की काकांचा श्वास जास्त वाढत होता. ड्रायव्हर स्ट्रेचर धरून नुसता माझ्याकडे बघत होता.

काकू म्हणाली, "लाव की माय. तुझा पाय काय झिजायलाय?"

मी सौदा केला. गोळ्या आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, मग पाय. ब्लडप्रेशर चांगलं होतं. त्यांनी एक गोळी चावली, दुसरी जिभेखाली धरली आणि बोटानं मला पायाची खूण केली. मी बूट काढला, मोजा काढला. काकूनं पायावर पाणी घातलं आणि पदरानं पुसला, पूर्वी पुसायची तसाच. मी बाजेच्या मागं उभी राहून, अंगात डॉक्टरचा ॲप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, डावा पाय हलकेच एकदा त्यांच्या पाठीला लावला. त्याच वेळी त्यांच्या हाताला बांधलेला ब्लडप्रेशरचा पट्टा फुगला, म्हणून पुढचे दोन न लावता मशीनचा आकडा बघायला थांबले.

चार-पाच मिनिटांत काकांचा चेहरा बदलला. कपाळावरची आठी गेली, मुठी सुटल्या. "उतरलं," ते म्हणाले. मग सगळ्यांकडे वळून पुन्हा म्हणाले, "बघा, पाय लागला अन् उतरलं." आणि चुलतभावाला सांगितलं, ड्रायव्हरला चहा दे आणि गाडी परत जाऊ दे.

तिथं माझ्या लक्षात आलं, की मी स्वतःचेच हात कापून घेतलेत. छातीतलं दुखणं कमी करायचं ते नुसत्या दयेपोटी नाही. दुखलं की माणूस घाबरतो, हृदय धावायला लागतं, आणि आधीच उपाशी असलेल्या स्नायूवर आणखी ओझं पडतं. म्हणून दुखणं उतरवणं हे आमचं पहिलं काम. पण आमच्याकडे माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती दुखण्याच्या धाकानं. त्या अंगणात माझ्या बाजूनं बोलणारं एकच कुणी होतं, ते दुखणं, आणि त्यालाच मी घालवलं होतं. आतली रक्तवाहिनी अजून बंदच होती. हे फक्त मला माहीत होतं, आणि माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता. माझ्या पायावर होता.

मग मी पायालाच पुढं केलं. छातीपर्यंत गेलेल्या उसणीला तीन वेळा एकाच जागी पाय लावून भागत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. पहिला घरी, दुसरा परभणीच्या दवाखान्यात, तिसरा परत आल्यावर. मध्ये तोडलं तर दुखणं उलटतं. हे मला कुठून सुचलं, देव जाणे. काका विचारात पडले. काकूनं मान डोलावली, जणू तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. काका उठले आणि स्ट्रेचरवर येऊन पडले. ड्रायव्हरनं गाडी जिंतूरच्या रस्त्याला लावली.

बोरीच्या अलीकडे दुखणं परत आलं, पहिल्याहून जोरात. मी आणखी एक गोळी दिली, त्यांचा हात धरून बसले आणि मनातल्या मनात रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या दिल्या. त्या अर्ध्या तासात मला जेवढी भीती वाटली, तेवढी नंतर कधी वाटली नाही. परभणीत त्याच दुपारी त्यांची बंद रक्तवाहिनी उघडली. दुसऱ्या दिवशी आयसीयूत भेटायला गेले, तर पहिला प्रश्न दुसऱ्या पायाचा. सिस्टरची पाठ वळल्यावर मी सँडल काढून पायाचा अंगठा त्यांच्या तळव्याला टेकवला. काका हसले आणि झोपले.

आठ दिवसांनी ते घरी आले. तिसरा पाय लावायला मी सुट्टी काढून गेले, तेव्हा अंगणात निम्मी गल्ली जमलेली. काका बाजेवर बसून सगळं सांगत होते: कळ कशी आली, पाय कसा लागला, कसं घटकेत उतरलं. परभणीच्या डॉक्टरांचा उल्लेख शेवटी आला, गावजेवणात पापड वाढल्यासारखा. सांगायचं तर तेव्हाच होतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण म्हाताऱ्या बाया पुढं येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवत होत्या, बोटं मोडत होत्या. एक जण म्हणाली, सरकारनं बरोबर माणूस नेमलाय. तोवर इतक्या वर्षांत गाडीतून उतरणाऱ्या डॉक्टरणीला कुणी धड पाणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी खुशाल चढून बसले. मनाला समजावलं, की काका जिवंत आहेत, रोजच्या गोळ्या घेताहेत, झाकली मूठ सव्वा लाखाची. बिघडलं कुठं?

पुढच्या उन्हाळ्यात मला सोनपेठची गाडी मिळाली, म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आईला घेऊन मी तिकडे राहायला गेले. गावाकडे जाणं महिन्या-दीड महिन्यानं व्हायचं.

सोनपेठला दुसरं वर्ष चालू असताना एका गुरुवारी काकांचा फोन आला. शनिवारी येणार आहेस ना, त्यांनी विचारलं. येणार आहे, कामून, असं मी विचारलं. ते म्हणाले, असंच. मी नुकतीच एका अपघाताच्या कॉलवरून परतले होते, ताटात भाकरी होती. मी फोन ठेवला आणि जेवले. आता वाटतं, तो प्रश्न मला ओळखू यायला हवा होता. चुलतभावानं अगदी असंच विचारलं होतं.

शनिवारी पहिल्या एसटीनं परभणी, तिथून जिंतूर. जिंतूरच्या स्टँडवर उतरले आणि चुलतभावाचा फोन आला. काकू गेली होती.

बाकीचं मला घरी गेल्यावर तुकड्या-तुकड्यानं कळलं. बुधवारी संध्याकाळपासून तिचे खवाटे, म्हणजे पाठीवरची खांद्याची हाडं, दुखत होते, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध. कळ वर जबड्यापर्यंत जायची आणि नळापर्यंत चाललं तरी धाप लागायची. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असाच येतो, छाती सोडून पाठीत, मानेत, जबड्यात. तिला ती उसणच वाटली. काकांना तर खात्रीच होती, कारण त्यांचंही असंच झालं होतं आणि कशानं बरं झालं ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. पोरगी शनिवारी येणारच आहे, तोवर दम धर, असं ते म्हणाले. फोनवर सांगू नका, ती चिडती, असं काकू म्हणाली. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या काकांना परभणीच्या डॉक्टरांनी कायम जवळ ठेवायला सांगितलेल्या. त्या खुंटीवरच्या पिशवीत होत्या, काकू निजायची तिथून हातभर अंतरावर. तीन दिवस त्या तिथंच होत्या. त्या नुसत्या घेऊन ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण ती गोळी कशाची आहे हे त्या घरात कुणाला नीट माहीत असतं, तर ही कळ कशाची, असा प्रश्न तरी कुणाला पडला असता.

शनिवारी सकाळी तिनं अंघोळ केली. पाय उपाशीपोटी लावायचा असतो म्हणून चहासुद्धा घेतला नाही. चुलीवर माझ्यासाठी पाणी तापत ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. आठच्या सुमाराला काकांनी हाक मारली, तेव्हा तिनं ओ दिली नाही.

मी दहा दिवस तिथं राहिले. रडले कमी, चिडले जास्त: चुलतभावावर, गावावर, एसटीवर. काकांवर चिडता येईना. ते दिवसभर बाजेवर बसून असायचे आणि आल्या-गेल्याला एकच सांगायचे, की पोरीची गाडी लांब पडली. नवव्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "तू बुधवारी इथं असतीस तर वाचली असती."

हे असंच राहू द्यावं, असं मला मनापासून वाटलं. माझ्या येण्याला उशीर झाला म्हणून काकू गेली, हे दुःख त्यांना पेलत होतं. खरं सांगितलं, तर तिला थांब म्हणणारे आपणच, हे त्यांना कळणार होतं. सत्तरीच्या, हृदय अर्धं निकामी झालेल्या माणसाला ते का सांगायचं? पण त्याच सकाळी समोरच्या घरातली बाई येऊन हळूच विचारून गेली होती, की तुम्ही परत कधी येणार, आमच्या ह्यांना चालताना छातीत भरून येतंय. तिच्या नवऱ्याला मी तिथल्या तिथं गाडीत घालून परभणीला पाठवलं. पुढच्या खेपेला मी तिथं असणार नव्हते.

मी काकांच्या पायाशी बसले आणि सांगितलं. त्या दिवशी तुमचं दुखणं गोळीनं उतरलं, पायानं नाही. तीन ठिकाणी पाय लावायचं मी बनवून सांगितलं होतं, तुम्ही गाडीत बसावं म्हणून. पायानं कुणाचंच कधी काही बरं झालेलं नाही. हे मी एका दमात बोलले आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

काकांनी खुंटीवरच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी अजून तिथंच होती.

"मग तवाच कामून न्हाई सांगितलंस?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं, आणि खोटं बोलायचं माझ्यात आता काही उरलं नव्हतं.

"समदे कौतुक करायलते, काका," मी म्हणाले. "मला बरं वाटलं."